कर्जतचा समुद्र

"समुद्र माणसाकडे येत नाही, माणसालाच समुद्राकडे जावं लागतं, असं म्हणणाऱ्यांनी आज माझ्या घरी येऊन बघावं," असं म्हणून गहिनीनाथ सरांनी काचेच्या टाकीवरची चादर ओढली. तेवढ्यात लाइट गेली. लाटा करणारा पंप थांबला आणि कर्जतच्या इतिहासातला पहिला समुद्र बशीत ओतलेल्या चहासारखा गप्प झाला.

हे कर्जत नगर जिल्ह्यातलं. रायगडातल्या कर्जतला समुद्र जवळ पडतो, तिथे कुणी अशी चादर ओढत नाही.

समुद्र चार फूट लांब, दीड फूट रुंद, खाली लाकडी स्टँड. तळाला पांढरी वाळू, वाळूवर दगड. जमलेल्या मंडळींनी वाकून वाकून बघितलं. शेजारचा पंकज, सरांचा जुना विद्यार्थी, आता दूध संकलन केंद्र चालवतो. तो दोन्ही बाजूंनी बघून आला.

"सर, मासे?"

मासे महिन्याभराने यायचे होते. खारं पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं, दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव धरावे लागतात, मग मासे. हे पुण्याच्या दुकानदाराने सांगितलं, तोवर सरांची आमंत्रणं जाऊन चुकली होती. सरांनी आता ते अशा थाटात समजावलं, की न दिसणारे जीव दाखवायलाच जणू सगळ्यांना बोलावलं होतं. मंडळी समजूतदार होती. शिवाय उपमा होता, गुलाबजाम होते.

मग सर मुद्द्यावर आले. हा सगळा खटाटोप आईसाठी. आक्काबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, आणि आता गुडघे जाऊ देत नाहीत. म्हणून लेकाने समुद्रच दारी आणला. उभी नोकरी सरांनी भूगोल शिकवला होता. शाळेची सहल घेऊन ते जवळपास दरवर्षी अलिबागला गेले होते. त्या एसटीत आक्काबाईंपुरती जागा कधी निघाली नाही. तेव्हा त्यांचे गुडघे ठणठणीत होते, पण ही गोष्ट भाषणात बसत नव्हती.

लाइट आली. लाटा सुरू झाल्या. टाळ्या पडल्या.

सविताताईंनी सासूबाईंना हाताला धरून आणलं. आक्काबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. घरात घालायला डॉक्टरांनी दिलेल्या मऊ चपला होत्या, त्या त्यांनी हॉलच्या उंबऱ्याबाहेर काढल्या. समुद्रापुढे चपला घालून कसं जायचं? टाकीजवळ येऊन त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग हात जोडले, कंबरेची पिशवी सोडली आणि खंडोबाचा मूठभर भंडारा समुद्रावर उधळला.

पंपाने आपलं काम चोख केलं. बघता बघता वाळू, दगड आणि न दिसणारे जीव, सगळं एकसारखं पिवळं झालं.

"सर," पंकज म्हणाला, "असा एक समुद्र चीनजवळ आहे ना? तुम्हीच शिकवला होता."

हशा पिकला. त्या हशाने सरांचं डोकं फिरलं.

"अक्कल गहाण टाकलीस का गं आई? अडाणी ती शेवटपर्यंत अडाणीच. नासवलंस सगळं."

हसू जागच्या जागी विरलं. आक्काबाईंचा हात अजून टाकीवरच होता. त्यांनी तो मागे घेतला, बोटांची हळद पदराला पुसली, पिशवीचं तोंड नीट बांधलं आणि भिंत धरत अनवाणीच आतल्या खोलीत गेल्या. मंडळींना एकदम घरची कामं आठवली. पंकजने गुलाबजामची वाटी न खाता खाली ठेवली आणि सरांकडे न बघता बाहेर पडला.

सविताताईंनी उंबऱ्याबाहेरच्या चपला उचलून सरांच्या हातात दिल्या आणि त्या बशा गोळा करायला लागल्या.

सर चपला घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले. आक्काबाई खाटेवर बसून गुडघे चोळत होत्या. जन्मभर वर्गापुढे बोललेल्या माणसाला पहिलं वाक्य सापडेना. त्यांनी चपला खाटेखाली ठेवल्या. मग वाकून पुन्हा नीट जोडून ठेवल्या.

"तसं काही बिघडलं नाही आई," ते शेवटी म्हणाले. "पाणी बदललं की झालं."

"समदं?"

"अर्धं तरी काढावं लागेल."

"आन मग वतून देनार?"

"हो."

आक्काबाई पुन्हा गुडघे चोळायला लागल्या.

"वतू नगं. खारं हाय म्हन्लास, आन हळद तर म्याच टाकलीया. गुडघं लई ठणकत्यात. बादलीभर ऊन करून दे, पाय सोडून बसते."