वाकड्या टोकाची चांदणी

पोर तुम्ही मारलंत. पावसानं नाही, गटारानं नाही, नशिबानं तर नाहीच नाही. तुम्ही.

इस्तर हे रोज नगरसेवक साहेबाला ऐकवायची. मनातल्या मनात. भाकरी थापताना, धुणं आपटताना. आज नाताळच्या करंज्या तळताना ऐकवत होती. जुलैत साहेब घरी येऊन गेला होता. खुर्चीत बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "झाकण बसवून देतो, बाई. पण एवढ्या पावसात पोराला बाहेर सोडायचं नव्हतं." तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. फुटला असता तर कपबशीही फुटली असती, त्याच्या कपाळावर.

गल्लीच्या तोंडाला गटाराचं चेंबर. झाकण कधीचंच गायब. त्या दिवशी वर गुडघाभर पाणी होतं. थोरला दाविद शाळेतून येत होता. पाण्यातून चालत होता, आणि मग नव्हता. त्याचा बाप शांतवन उद्यमनगरात फौंड्रीत कामाला. बिडाची झाकणं ओततो. ती झाकणं गावोगावी जातात, त्याच्या गल्लीला काही एक आलं नाही. शेवटी त्यानंच एक जाड फरशी आणून त्या भोकावर टाकली. त्यानंतर नवराबायको दोघंही त्या टोकाला फिरकली नाहीत. बाजार, चर्च, कामधंदा, सगळं मागच्या बोळातून.

यंदा दारावर नाताळची चांदणी लागणार नाही, हे तिनं आधीच बजावलेलं. शेजारची अंबूबाई म्हणाली, "तुमच्यात सुतक नसतंय न्हवं?"

"आमच्यात न्हाय. माझ्यात हाय."

चांदणी होती ती दाविदनंच केलेली. बांबूच्या कामट्या, पतंगाचा लाल कागद. एक टोक वाकडं झालेलं, ते त्यानं तसंच ठेवलं होतं. इस्तरनं ती माळ्यावर टाकलेली. पण डिसेंबर लागला आणि चांदणी जागची हलू लागली. सकाळी बघावं तर कागद दमट, आत मेणाचा वास. पाच वर्षांचा धाकटा योना झोपेत बडबडायचा, "दादाकडं अंधार हाय." शांतवन सेकंड शिफ्टला. संध्याकाळी भारनियमनात लाईट गेली की योना आणि आठ वर्षांची कृपा खेळायला म्हणून सटकायची. अशाच एका संध्याकाळी इस्तरनं खिडकीतून बघितलं. सगळी गल्ली काळीठिक्कर. टोकाला, जिथं दाविद गेला तिथं, जमिनीपासून गुडघाभर वर एक लाल उजेड होता. त्याचं एक टोक वाकडं होतं.

तिनं खिडकी लावून घेतली. प्रार्थना म्हणायला लागली आणि मधेच विसरली. पोरं घरात आली तरी तिनं विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. उत्तर आलं असतं तर?

आज चोवीस तारीख. लाईट गेली. अंधारात ती कढईपुढं बसली होती. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून ओळखीचा आवाज आला. निवडणूक जवळ आली की साहेबाला सगळ्यांचे सण आठवायचे.

"कोण रे? रस्त्यात मधीच काय मांडून ठेवलंय हे?"

आणि लगेच कृपाची किंकाळी. "पाय टाकू नका!"

इस्तर झारा हातात घेऊनच धावली. ज्या टोकाकडं पाच महिने पाऊल टाकलं नव्हतं, तिकडंच.

फुटक्या फरशीच्या तुकड्यांत दाविदचा क्रिकेटचा स्टंप रोवलेला. स्टंपाला चांदणी बांधलेली. आत ग्लासात मेणबत्ती. योना स्टंप धरून बसलेला. कृपा दोन्ही हात पसरून उभी. समोर साहेब, एका हातात केकचा बॉक्स, एक पाय हवेत. त्या पायाखाली काळं उघडं तोंड. आत पाणी खळखळत होतं.

"फरशी कुठं गेली?" इस्तरनं विचारलं. "पप्पांनी टाकल्याली?"

"दिवाळी झाल्यावर गाळ काढायला माणसं आलती. ह्यांचीच. त्यांनी फोडली." कृपा म्हणाली. "लोक फळी टाकत्यात, रिक्षा गेली की मोडती. सगळ्यांस्नी ठावं हाय, मम्मी. तुला कोण सांगत न्हाय. तू परत जेवायची सोडशील."

"आनि आज गाणी म्हणत चर्चची पोरं येणार हाईत," योना म्हणाला. "त्यांच्यात बारकी पण असत्यात. माझ्यावानी."

साहेबानं पाय मागं घेतला. रुमालानं मान पुसली. हसला.

"वाचवलं बघा पोरांनी तुमच्या. लई गुणाची हाईत. हे घ्या, हॅपी ख्रिसमस. आणि झाकणाचं बघतो मी, उद्याच्या उद्या."

झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. पाच महिने घोळवलेलं ते वाक्य इस्तरच्या ओठावर आलं. तिनं केकच्या बॉक्सला हात लावला नाही. ती खाली वाकली, वाऱ्यानं कललेला स्टंप सरळ केला, आणि तिथूनच मान वर करून बोलली.

"साहेब, आमच्यात नवं साल लागलं की चांदणी उतरवत्यात. मग हितं कोण हुबं ऱ्हाणार? बोला की. तुमी?"