कोमट राख

राखेचा वरचा थर गार होता. बोट दोन पेरं आत घातलं की कोमट लागत होतं. दारूची भट्टी विझवून दोनेक तास झाले असावेत. फौजदार ज्योतीरामांनी बोट पुसलं आणि निघोज्याच्या ओढ्यावर नजर फिरवली. पिंपं नव्हती, माणसं नव्हती.

ही तिसरी धाड. तिन्ही वेळा राख तेवढी हाती लागली होती.

"कुनीतरी आदी सांगतंय, सायेब," हवालदार चिमाजी म्हणाला.

"चौकीत तुमचं नाव घेतात."

"माजंच घेत्याल. उद्धवरावाच्या गावचा मीच एकटा हाय न्हवं!"

उद्धवराव वाळूचे ठेकेदार. पाच लॉऱ्या, खादीचा कोट आणि दारूबंदीच्या सभेत पहिल्या रांगेतली खुर्ची. त्यांच्या हातभट्टीची दारू पिऊन गेल्या महिन्यात कारखान्याच्या बांधकामावरचे चार मजूर मेले होते. आधीच्या फौजदारांनी त्यांची एक लॉरी मालासकट धरली, आणि आठवड्याच्या आत फौजदारांचं प्रेत पवना नदीत सापडलं. त्या फौजदारांची विधवा शालनबाई आता ज्योतीरामांच्या शेजारच्या खोलीत राहून लोकांचे कपडे शिवायची.

घरी पत्नी इंदुताईंनी विचारलं, "सापडलं काही?"

"राख."

"असू दे. पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या." त्यांनी पंचा पुढे केला. "एक सांगायचं होतं."

"काय?"

"काही नाही. आधी जेवून घ्या."

पुण्याहून वरिष्ठांचं पत्र आलं होतं. बातमी फोडणाऱ्याचं नाव सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर हवालदार चिमाजी बडतर्फ.

ज्योतीरामांनी घाई केली नाही. पहिल्या धाडीची कल्पना सगळ्या चौकीला होती. दुसऱ्या वेळी त्यांनी कारकुनाला वगळलं होतं. तिसऱ्या वेळी तर चौकीत कुणालाच सांगितलं नव्हतं. चिमाजीलाही जीपमध्ये बसल्यावर कळलं. तरी बातमी फुटली. म्हणजे ती चौकीतून फुटत नव्हती.

रविवारी सकाळी दारात दूधवाली सोजराबाई आली.

"ताई, आज बी शेरभर जास्ती घालू?"

"नको. रोजचंच."

"मंग आज दशम्या न्हाईत म्हना की. सायेब घरीच!" सोजराबाई हसत गेली.

ज्योतीरामांच्या हातातला वस्तरा थांबला. धाडीच्या गावात ते पाण्याखेरीज काही घेत नसत, म्हणून सहा माणसांच्या दशम्या घरूनच जात. दशम्यांचं पीठ दुधात मळायचं. आणि सोजराबाईचा गोठा होता उद्धवरावांच्या जागेत. ज्या दिवशी दूध जास्त, त्या दिवशी भट्ट्या बंद.

सगळं जुळत होतं.

"इंदू, सापडला चोर!" ते किती दिवसांनी मोकळं हसले. "तुझ्या दशम्यांनी घात केला बघ."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. इंदुताई तांदूळ निवडत ऐकत होत्या.

"चिमाजी सुटला बिचारा. उद्या सोजराबाईचं नाव कळवतो. दोन दिवस कोठडीत बसवली की कुणाला सांगते ते बोलेल."

"तिला लहान पोरं आहेत."

"मेलेल्या मजुरांनाही होती."

इंदुताईंचे हात थांबले. ज्योतीरामांनी कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला.

"तिला काहीच माहीत नाही हो."

"तुला काय ठाऊक?"

त्यांनी सूप बाजूला सारलं. पदर सारखा केला.

"माझं नाव लिहा," इंदुताई म्हणाल्या. "उद्धवरावांकडे निरोप मी पाठवत होते. तुम्ही रिकाम्या हातांनी का होईना, पण घरी यावं म्हणून."