तांब्याभर वजन

"अजून एक तांब्या," कोकिळा म्हणाली.

सिंधूने डोळे घट्ट मिटले आणि घटाघटा तांब्या रिकामा केला. सहा वर्षांची पोर. पोट परकराच्या नाडीवर टम्म आलं होतं. तिच्यामागे बाकीची पोरं रांगेत उभी होती, हातात मूठमूठ खारे फुटाणे.

"आता डॉक्टर जाईपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही. कितीही लागली तरी."

"लईच लागली तं, बाई?"

"तरी नाही."

अक्कल शालूबाईची होती. शाळेत पाणी भरणं आणि भुकटीचं दूध उकळणं ही दोन्ही कामं तिची. काल कोकिळा वजनाचं रजिस्टर मांडीवर घेऊन सुन्न बसली होती, तेव्हा शालूबाई म्हणाली, "बैल बजारात नेतो तवा काय करते मानूस? सकायी मीठ चारते, वरून पानी पाजते. मरतुकडा बैल बी नगाऱ्यावानी दिसते."

"ही पोरं आहेत, शालूबाई."

"मंग? बैलाले इकासाठी पाजतो. यायले जगवासाठी पाजू."

कोकिळाच्या बापानेही संग्रामपूरच्या बाजारात असेच दोन बैल खपवले होते.

जिल्हा परिषदेचं परिपत्रक तीन ओळींचं होतं. मुलांची वजने घेऊन दूधकेंद्र चालू ठेवण्याबाबत निर्णय घेण्यात येईल. हेडमास्तर वामनरावांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

"पलीकडच्या गावचं केंद्र असंच बंद झालं, बाई. वजनं वाढली नाहीत, मग भुकटी गेली कुठं? चौकशीत सापडली सरपंचाच्या भिंतीवर. चुन्यात कालवलेली."

इथली भुकटी भिंतीवर गेली नव्हती. यंदा ज्वारी गुडघ्याच्या वर आली नाही, कापूस बोंडातच करपला. पोरं शाळेत येताना धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येत, आणि त्यांना हाकलून देणं कोकिळाला एक दिवसही जमलं नाही. एकेचाळीस जणांचं दूध सत्तर जण पीत. शालूबाई पाणी वाढवत जाई, शेवटच्या पोरांना दुधातून वाटीचा तळ दिसे. दिवाळीपासून एकाचंही वजन हललं नव्हतं. हे डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि ती वाटी गेली तर? रविवारी दूध नसायचं, म्हणून सोमवारी प्रार्थनेत पोरं कोसळायची. मागच्या सोमवारी तीन कोसळली. त्यातली एक सिंधू.

एकटी रुख्मिणी फुटाण्यांना हात लावेना. उकंडराव पाटलाची नात. दारात तीन म्हशी, पण पोरगी तुरीच्या काडीसारखी. दुधाचा नुसता वास आला तरी तोंड फिरवायची. शाळेतली वाटी ती रोज गुपचूप सिंधूपुढे सरकवायची.

"मले मयमय होते, वकारी येते, बाई."

"बरं, जा. बस," कोकिळा म्हणाली. एकीने काय बिघडतंय?

अकराला यायची जीप बाराला आली. तोवर पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. कोणी ओठ चावत होतं, कोणी पाढे म्हणत होतं. जीपच्या मागे भुकटीचे नवेकोरे डबे रचलेले होते. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

डॉक्टर तरुण होते, थकलेले. कंपाउंडरने काटा मांडला आणि आकडे पुकारायला सुरुवात केली. किलो गावाला अजून नवाच होता, पण आकडा चढला एवढं सगळ्यांना कळत होतं. सरस्वती, अर्धा किलो जास्त. किसन, पाऊण किलो. वामनराव खिडकीबाहेर बघत राहिले.

"सिंधू. दिवाळीला तेरा. आज चौदा!"

सिंधू काट्यावरून जपून उतरली, जशी डोक्यावर घागर आहे. कोकिळाला तिने खाली वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, "बाई, म्या थेंब बी सांडू देला नाही."

कोकिळाने तिच्या केसांवरून हात फिरवला.

शेवटी रुख्मिणी. दिवाळीला होतं तेवढंच.

डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं. "शाबास, बाई. असं केंद्र मी अख्ख्या तालुक्यात पाहिलं नाही. सोडा आता पोरांना."

चाळीस पोरं एकदम शाळेमागच्या बाभळीकडे पळाली.

"म्हणजे केंद्र चालू राहील ना?" कोकिळाने विचारलं.

"खरं सांगू? मी भीतभीतच आलो होतो. यंदा जिल्ह्याची भुकटी निम्म्यावर आली. हुकूम आहे, ज्यांचं वजन चढत नाही त्यांनाच द्यायची. तुमच्या भागाची दशा ऐकून होतो, म्हणून अख्खी शाळा यादीत घ्यायच्या तयारीनेच डबे भरून आणले." ते मनापासून हसले. "आता ते पुढच्या गावाला होतील."

कोकिळाने मिटलेलं रजिस्टर पुन्हा उघडलं. "उद्या... उद्या परत एकदा वजनं घ्या, साहेब."

"वाढलेलं वजन कोणी परत मोजतं का, बाई?"

बाभळीकडून पोरांच्या खिदळण्याचा आवाज येत होता. आता पोटं हलकी झाली होती त्यांची. डॉक्टरांनी जीपमधून एकच डबा उतरवून घेतला आणि सही करून यादी तिच्या हातात दिली.

"ही एवढी एकच गरजू निघाली. रोज वाटीभर, तुमच्या डोळ्यांसमोर पाजा."

कागद जवळजवळ कोराच होता. वर एक नाव होतं: रुख्मिणी, उकंडराव पाटलाची नात.