नाडीची उशी

ऊर्मिला जर्मनीतल्या बॉन शहरातल्या ऑफिसातून घरी परतली तेव्हा अंगात त्राण नव्हतं. नोकरी सोडून चिनी वैद्यकाचा तीन वर्षांचा कोर्स करायचा की नाही, हे आज कळवायचं होतं. वर्षभर संध्याकाळचे वर्ग केले, सासऱ्यांच्या मनगटावर रोज सराव केला, तरी नाडी बोटांशी बोलेना. नकाराचा मेल लिहून, पाठवण्याआधी सांगावं म्हणून ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. ते बाही दुमडून, मनगट छोट्या उशीवर ठेवून तिचीच वाट पाहत होते. ती उशी तिनं सासूबाईंच्या जुन्या साडीची शिवली होती. “बाबा, मी हे सोडतेय. नाडीतलं काहीच कळत नाही.” “नाही कळलं तर नाही,” ते म्हणाले. “ही गेल्यापासून माझा हात धरतंय कोण दुसरं?” ऊर्मिलानं मेल पाठवून टाकला. मग तळवे चोळून गरम केले आणि रोजच्यासारखी नाडी बघायला बसली.