बोट बुडाली

भूगोलाच्या सरांनी मोडक्या सायकलच्या आसावर कागदाच्या लगद्याचा भलामोठा पृथ्वीगोल बसवला होता. डोळे मिटायचे, गोल गरागरा फिरवायचा आणि बोट टेकवायचं. ज्या देशावर पडेल त्याची माहिती सांगायची. समुद्रात पडलं, की सगळ्यांनी ओरडायचं, "बोट बुडाली!" आणि गडी बाद.

हा खेळ सर्वांत आधी खेळला तो सरांचा मुलगा, आणि त्याचं बोट हमखास पाण्यात.

"अरे, हे हाताचं बोट की पाण्यातली बोट?" सर चिडवायचे. पुढं तो खरोखरच जहाजावर नोकरीला लागला, तेव्हा सरांनी वर्गावर्गात मिरवलं, "लोकांच्या मुलांचे पाय पाळण्यात दिसतात, आमच्याचं बोट दिसलं होतं!"

मध्यंतरी जहाज कंपनीचा फोन आला आणि सर बरेच दिवस रजेवर गेले. परतले ते गोल घेऊनच वर्गात शिरले. पोरांना तेवढंच हवं होतं. पहिल्याच मुलीचं बोट निळ्या रंगावर पडलं आणि वर्ग सवयीनं ओरडला, "बोट बुडाली!"

सरांनी गोल हातानं धरून ठेवला.

"मी बाद ना, सर?" मुलीनं विचारलं.

"नाही. आजपासून समुद्रही धरायचा."

"असं कसं?" ती हसली. "समुद्रात कुठं कोण राहतं?"

सरांनी तिच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं.


"आमचा राहतो."