तिसरी हाक

"उद्यापासून मी कामावर," रंगाऱ्यानं जाहीर केलं. "पुन्हा टाकीत उतरणार. आणि वर दोर धरायला हाच!" शेजारी बसलेल्या वेल्डरच्या पाठीत त्यानं थाप मारली. "दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही आपला."

सुट्टीचा दिवस. कारखाना बंद, आणि वेल्डर नि जाड्या या दोघा दोस्तांना रंगाऱ्याच्या घरी जेवण. दोन महिन्यांपूर्वी टाकी आतून रंगवताना रंगाची वाफ डोक्यात जाऊन तो तिथंच कोसळला होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याचं डोकं वेल्डरच्या मांडीवर होतं. त्याला आठवत होतं ते एवढंच, आणि एवढ्यावर त्याच्या बायकोनं वेल्डरला देवाच्या जागी नेऊन बसवलं होतं.

"भावोजी, तुम्ही होतात म्हणून आजचा दिवस दिसला," ती म्हणाली.

वेल्डरचा घास तोंडातच फिरत राहिला. समोर जाड्या मान खाली घालून जेवत होता. त्या दिवशी त्याला काढायला टाकीत उतरला होता तो जाड्या. वेल्डर पळाला होता, पार फाटकापर्यंत. जाड्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. वेल्डरपाशीही कधी विषय काढला नव्हता. वेल्डरनं हॉस्पिटलच्या रोज खेपा घातल्या, औषधं आणली, रंगाऱ्याला धरून धरून चालवलं. तोंड मात्र उघडलं नाही.

पण उद्या हा गडी पुन्हा आत उतरणार होता.

"मी नव्हतो उतरलो," वेल्डर म्हणाला.

"काय?"

"मी पळालो होतो. जाड्या उतरला. तुला दोर बांधून खालून हाका मारत होता. तिसऱ्या हाकेला मी परत फिरलो, तुला वर ओढलं. हा बाहेर आला तो ओकत पडला, म्हणून तुझं डोकं माझ्या मांडीवर."

"जेव की गपचूप," जाड्या पुटपुटला. "सुट्टीच्या दिवशी काय लावलंय!"

कुणीच जेवेना. रंगारी एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला. काही बोलायला गेला तर खोकल्याची उबळ आली.

"तिसऱ्या हाकेला?" अखेर त्यानं विचारलं.

"तिसऱ्या."

"मग उद्या मी पहिलीच जोरात मारीन."

जाड्याला फस्सकन हसू फुटलं. वेल्डरनं डोळे पुसले. बायको हसली नाही. तिनं भाताचं पातेलं उचललं, आधी जाड्याकडं गेली आणि तो ताटावर आडवा हात धरीपर्यंत वाढत राहिली. मग वेल्डरपाशी आली. एक डाव भात घातला आणि थांबली.

"पुरे?" तिनं विचारलं. एरवी ती न विचारता वाढायची.

"पुरे," तो म्हणाला, आणि दोन दिवसांच्या उपाशी माणसासारखा जेवू लागला.