भुऱ्याचा पट्टा

कुत्र्याच्या मनातलं बोलून दाखवणारा पहिला पट्टा केतकीने चाचणीसाठी घरच्याच भुऱ्याच्या गळ्यात बांधला. त्यात भूक, दुखतंय, चल, कुठे असे मोजकेच शब्द भरले होते. कल्पना तिच्या भावाची, शार्दूलची. तो गेल्या महिन्यात अपघातात गेला.

भुऱ्या फाटकापाशी जाऊन बसला. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, तसा पट्टा बोलला, "कुठे?"

"चाललं गं केतकी, चाललं!" तिचा भागीदार अन्वर आनंदाने ओरडला.

केतकी भुऱ्याशेजारी बसली. "तो नाही रे येणार आता."

भुऱ्याने तिचा हात चाटला आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "कुठे?"

माणसाच्या मनातलं कुत्र्याला सांगायची सोय त्यांनी अजून केलीच नव्हती. तिने पट्टा सोडवला. भुऱ्या गप्प झाला, पण जागचा हलला नाही.